साखरेचा हात

आत्याच्या पायाला त्या दिवशी भिंगरी लागली होती. ओव्हनपाशी वाकायची, काचेतून बघायची, खिडकीशी जायची, की परत ओव्हनपाशी. मी म्हटलं, "बस ना जरा." तर म्हणाली, "तूच बस."

आत्याने तीस वर्षं बेकरीत फळांचे पाय भाजले, म्हणजे पिठाच्या पारीत फळं भरून भाजतात तो इंग्रजी 'पाय'. ती घरी आली की काका विचारायचे, "आज कुणाचा पाय भाजलास?" हा एकच विनोद त्यांनी तीस वर्षं पुरवला. उन्हाळ्यातला पीच-आलुबुखाराचा पाय तर अर्धा एकटे फस्त करायचे. मग त्यांना मधुमेह निघाला. डॉक्टरांनी साखर बंद केली आणि दवाखान्यातून घरी आल्यावर काकांनी बोलणं. दोन महिने झाले, ताटातलं ताटात राहायचं. माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला होता.

म्हणून हा नवा पाय. मैद्याऐवजी ओटचं पीठ, बदामाची पूड, थोडं जवस, लोण्याऐवजी बेताचं तेल. साखर अजिबात नाही, गोडी काय ती पिकल्या फळांची.

पाय बाहेर काढता काढता आत्या थबकली. "मी साखर घातली का गं?"

मी तेव्हा फळं चिरत होते, मला काय माहीत? ती साखर कधी मापाने घालतच नसे. फळं भांड्यात पडली की हात आपोआप डब्यात जायचा, दोन मुठी, तिचं तिलाही कळायचं नाही. आणि डबा तर ओट्यावर उघडा. मघाशी चहा मीच केला होता, पण झाकण लावलं होतं की नाही, आठवेना.

भांड्याला चिकटलेला रस तिने मला चाटवला.

"गोड आहे," मी म्हणाले.

"कसलं गोड? फळाचं की साखरेचं?"

मला सांगता येईना. तिची जीभ तर गोडात राहून केव्हाच बोथट झालेली. ती पाय उचलून सरळ कचऱ्याच्या डब्याकडे निघाली. मला तिचा राग आला आणि रडूही आलं.

"कुणाचा पाय भाजलाय?"

दारात काका उभे होते.

"अहो, नका खाऊ," आत्या म्हणाली. "आज माझ्या हाताचा भरवसा नाही."

काकांनी खुर्ची ओढली, तिच्या हातातून थाळी घेतली आणि एक कोपरा मोडून तोंडात टाकला. सावकाश चावत राहिले. तिच्या दोन मुठी त्या जिभेला पाठ होत्या.

त्यांनी तोंड वाकडं केलं. "साखर विसरलीस."

"काय म्हणालात?"

"साखर नाही यात. सपक झालाय." आणि त्यांनी थाळी तिच्याकडे सरकवून एक रिकामी बशी पुढे केली. "वाढ अजून."

आत्याने वाढलं, आणि सकाळपासून पहिल्यांदा ती खाली बसली.