दीपमालाच्या गाडीचं पासिंग

वर्ध्याजवळच्या आमच्या सेलूत कोणाच्या घरी लग्न निघालं की आहेराच्या भांड्यांवर नावं टाकायला लोक दीपमालाकडे येतात. दुकान तिच्या भावाचं, निकेशचं. बाहेर गुंड, गंज अशा भांड्यांची रास, काउंटरवर निकेश, आणि आतल्या बाजूला पंख्याखाली खुर्चीत बसलेली दीपमाला, हातात नाव टाकायची मशीन. मशीन घरघरते आणि परातीच्या काठावर 'मामा-मामीकडून' असं गोल, ठसठशीत अक्षर उमटत जातं. माझं कापडाचं दुकान बरोबर समोर आहे, त्यामुळे गेली कित्येक वर्षं मी हेच बघत आलो. गिऱ्हाईक नसलं की माणसाने दुसरं बघावं तरी काय.

दीपमाला आता पंचेचाळिशीला आली. रांगायच्या वयात तिला पोलिओ झाला आणि दोन्ही पाय गेले. त्यानंतर ती जिथे गेली तिथे दुसऱ्याच्या सोयीने गेली. शाळेत बापाच्या पाठीवर, बाजारात सायकलच्या कॅरिअरवर, पुढे निकेशच्या मोटारसायकलवर. कुबड्या घेऊन ती घरात आणि दुकानात फिरते, तेवढंच. बाकी अर्ध्या गावाने तिला कधी ना कधी उचललेलं आहे, आणि उचलणाऱ्याला ते जन्मभर लक्षात राहतं. "दीपमाला ना? अरे, तिले मी एकदा बसमंधी चढवून देलतं," असं सांगणारे मला कितीतरी भेटले. मला या लोकांचा राग येतो. चढवून दिलंत, उपकार झाले, आता किती वर्षं सांगाल?

ती बाहेर निघाली की तिची आई शोभाबाई एकच विचारतात, "संग कोण हाये?" त्यात वाईट काही नाही. बाईने पोरीला तळहाताच्या फोडासारखं जपलं. पण संग कोणी नसलं तर जाणंच रद्द, हा त्या घरातला कायदा होता, आणि तो कोणी कधी बोलून दाखवला नव्हता.

हा कायदा मोडला तो एका लग्नापायी. दीपमालाची शाळेतली मैत्रीण सुधा कारंज्याला दिलेली आहे. तिच्या मुलीचं लग्न ठरलं. रुखवताच्या सगळ्या भांड्यांवर दीपमालाने स्वतः नावं टाकली. लग्नाच्या दिवशी ती जरीची साडी नेसून, केसांत गजरा माळून सकाळीच दुकानात येऊन बसली. निकेश तिला नेणार होता. पण मुहूर्ताचा दिवस, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. "एवढं गिऱ्हाईक उरकलं का निंगू," असं तो दर वेळी म्हणाला, आणि दर वेळी खरंच मनापासून म्हणाला. दुपार कलली तेव्हा दीपमालाने त्याच साडीत मशीन ओढली आणि कोणाच्या तरी टिफिनवर नाव टाकायला घेतलं. मी समोरून बघत होतो. मला फार वाईट वाटलं.

दुकान बंद करताना ती निकेशला म्हणाली, "मले गाडी पाहिजे. मी चालवीन."

निकेश हसला नाही, हे त्याचं मोठेपण. त्याने चौकशी केली. वर्ध्याला रामाजी नावाचा मिस्त्री आहे, तो पायाने चालवायची गाडी हाताने चालवायला करून देतो. स्टिअरिंगखाली एक लोखंडी दांडा बसवायचा. दांडा पुढे ढकलला की ब्रेक, आपल्याकडे ओढला की गाडी पळते. मूळचे पॅडल तसेच राहतात, म्हणजे धडधाकट माणूसही ती गाडी चालवू शकतो. पण गाडीत असा बदल आपल्या मनाने करून रस्त्यावर आणता येत नाही. आधी आरटीओची परवानगी, मग जोडणी, मग गाडी नेऊन तपासणी. त्यालाच आपण पासिंग म्हणतो. गाडी पास झाली तरच दीपमालाला त्या गाडीवर पक्कं लायसन मिळणार होतं. नाही झाली तर दांडा काढून टाकायचा आणि गाडी दुकानाच्या मालासाठी वापरायची, असं घरात ठरलं होतं. ठरवलं शोभाबाईंनी होतं.

जुनी ऑटोमॅटिक गियरची गाडी आली, रामाजीने दांडा बसवला, शिकाऊ लायसन निघालं. रविवारी कापसाच्या जिनिंग गिरणीच्या रिकाम्या आवारात निकेश शेजारी बसायचा आणि ती गाडी फिरवायची. इतकी वर्षं मशीन धरून तिचे हात काय तयार झालेले! सांगाल तिथे गाडी उभी करायची. निकेश मला येऊन सांगायचा, "काका, माह्यापेक्षा चांगली चालवते."

पासिंगच्या दिवशी माझ्याही मालाच्या गाडीची तपासणी होती, म्हणून मी त्यांच्यासोबतच निघालो. सोबत म्हणजे त्यांच्या मागे. वर्धा एका दिशेला आणि हे निघाले उलट्या दिशेला, केळझरकडे. आमच्या भागात नवी गाडी आली की आधी केळझरचा गणपती, मग बाकी जग. शोभाबाईंचं म्हणणं होतं की पूजा केल्याशिवाय गाडी सायबापुढे उभी करायची नाही. मीही म्हटलं, चला, आपल्याही गाडीला देवदर्शन घडेल.

पूजा साग्रसंगीत झाली. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबं, नारळ. शेवटी गुरुजींनी लाल कापडात सुपारी आणि अक्षता बांधून पुरचुंडी दिली आणि सोबत लाल धागा दिला. अशी पुरचुंडी लोक आरशाला नाहीतर स्टिअरिंगला बांधतात. निकेश आरशाकडे हात नेत होता. शोभाबाईंनी त्याच्या हातातून ती घेतली, वाकून आत शिरल्या आणि दांड्याच्या बुडाशी, जिथे तो जोडलेला असतो तिथे, धाग्याचे वेढ्यावर वेढे देऊन गाठ मारली.

"आई, तिथं काऊन बांधून राह्यली?" निकेश म्हणाला.

"पाय त देवानं नाई देले. आता हाच तिचा पाय. बांधाचं त यालेच बांधीन."

माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. आम्ही सगळे जण नमस्कार करून निघालो. हायवेला गर्दी होती, म्हणून वर्ध्यापर्यंत गाडी निकेशने चालवली, आपल्या पायांनी.

तपासणीच्या मैदानात शाळेच्या व्हॅनी, ऑटो, ट्रॅक्टर-ट्रॉल्या अशी रांग होती. रामाजी आधीच येऊन उभा होता. इन्स्पेक्टर तरुण होता, कपाळाला गंध, बोलणं मोजकं. त्याने दांडा, जोडणी, परवानगी सगळं पाहिलं आणि जमिनीवरच्या चुन्याच्या रेघेकडे बोट दाखवलं. "ताई, तिकडून या आणि पुढचं चाक रेघेवर आणून थांबवा."

दीपमाला आली. छान, एका लयीत आली. रेघ आली, तिने दांडा पुढे ढकलला, आणि गाडी नुसती मंदावली. थांबली नाही. रेघ ओलांडून ती ऑटोंच्या रांगेकडे सरकत गेली. ऑटोवाले बाजूला पळाले. शेजारी बसलेल्या निकेशने हँडब्रेक ओढला तेव्हा कुठे गाडी उभी राहिली. दीपमालाचे दोन्ही हात अजून दांड्यावर होते, आणि ती त्यांच्याकडे असं बघत होती की जणू ते कोणा दुसऱ्याचे आहेत.

"ब्रेक लागत नाही. कशी पास करू?" इन्स्पेक्टर रामाजीकडे वळला. "काय बसवलंय हे?"

रामाजीचा चेहरा उतरला. तो गाडीत शिरला, वाकून बुडाशी पाहिलं, आणि बाहेर येऊन त्याने चक्क हात जोडले. "सायेब, दांडा बराबर हाये. मंधात पुरचुंडी अडकून राह्यली. सुपारी हाये तिच्यात. ब्रेक पुरा जाऊनच नाई राह्यला."

"मग काढा ती."

"केळझरची हाये, सायेब. मी नाई तोडत."

इन्स्पेक्टरने निकेशकडे पाहिलं. निकेशने आईकडे पाहिलं. शोभाबाई म्हणाल्या, "देवाचा धागा आपल्या हातानं तोडत नसते. आपोआप गळाले पाहिजे." मग साऱ्यांनी इन्स्पेक्टरकडे पाहिलं. तो एक पाऊल मागे सरकला. "मला यात घेऊ नका. मी फक्त गाडी बघतो. आज काढता येत नसेल तर पुढची तारीख घ्या."

शोभाबाईंना तोडगा सुचला. गाडी परत केळझरला न्यायची, गुरुजींच्या हातून धागा रीतसर सोडवायचा, आणि मग पुढच्या तारखेला यायचं. रामाजीने मान हलवली. निकेशने मान हलवली. रांगेतला एक ऑटोवाला न विचारता म्हणाला, "हे बराबर हाये." मलाही ते बरोबरच वाटलं. इतकी समजूतदार माणसं एका ठिकाणी क्वचितच जमतात.

दीपमालाला मात्र कोणी विचारलं नाही. ती गाडीतच बसलेली होती. तिच्याविषयी सगळ्यांचं एकमत झालं की काय होतं, हे तिला जरीच्या साडीतल्या त्या दुपारपासून ठाऊक होतं. पुढची तारीख आली की दुकानात गर्दी असणार, मग त्याच्या पुढची. तिने पर्स उघडली, नेलकटर काढला, कुबडी दाराशी टेकवून सीटवरून खाली घसरली आणि दांड्याच्या बुडाशी हात घातला.

"दीपे!" शोभाबाई ओरडल्या.

नेलकटरने धागा तोडणं म्हणजे काय वैताग असतो! एक वेढा तुटायचा, खाली दुसरा. आईने कमी वेढे दिले नव्हते. आम्ही सगळी मोठी माणसं नुसती उभी राहून बघत होतो. अखेर पुरचुंडी सुटली. दीपमाला सीटवर परत चढली, घाम पुसला आणि खिडकीतून हात बाहेर काढून पुरचुंडी आईपुढे धरली.

"घे. गाडीले भेव नाई लागत, आई. मलेही नाई लागत. तुले लागते. त हे तुह्याजवळ ठेव. भेव लागलं का धरजो."

शोभाबाईंनी ती घेतली. माझ्या मनात आलं, या बाईने पोरीवर एवढी माया केली, आणि त्याच मायेने आज गाडी रांगेतल्या माणसांवर घातली असती.

इन्स्पेक्टरने गाडी परत मागे घ्यायला लावली. दीपमाला आली, दांडा ढकलला, पुढचं चाक रेघेवर थांबलं. त्याने पुन्हा करायला लावलं. पुन्हा थांबलं. त्याने जोराने येऊन थांबायला सांगितलं, तेव्हा आत बसलेल्या निकेशची मान पुढे गेली, पण चाक रेघेवरच होतं. "झालं," इन्स्पेक्टर म्हणाला, आणि पुढच्या व्हॅनकडे गेला. दीपमाला रडली नाही. रामाजी रडला, आणि डोळ्यांत धूळ गेली म्हणून सांगू लागला.

पुढे त्याच मैदानात तिची स्वतःची परीक्षा झाली आणि पक्कं लायसन आलं. त्यानंतरच्या एका सकाळी मी दुकान उघडत होतो. समोर दीपमाला गाडीत बसलेली दिसली, कुबड्या शेजारच्या सीटवर. सुधाची मुलगी बाळंतपणाला माहेरी कारंज्याला आलेली होती. नव्या बाळासाठी चांदीच्या वाटीवर नाव टाकून दीपमाला तिकडे निघाली होती. शोभाबाई दुकानाच्या पायरीवर आल्या.

"संग कोण हाये?"

"कोणी नाई," दीपमाला म्हणाली, आणि गाडी गेली.

शोभाबाई त्याच पायरीवर बसल्या. निकेशने चहा आणून दिला, तो तसाच राहिला. गिऱ्हाईक त्यांना वळसा घालून आत जात-येत होतं. दुपारी मी जाऊन म्हटलं, "वहिनी, आत बसा, ऊन आहे." त्या रस्त्याकडे बघत तिथेच बसून राहिल्या. त्यांचा उजवा हात पदराखाली होता, तो त्यांनी दिवसभर बाहेर काढला नाही.

ऊन उतरल्यावर गाडी वळणावर दिसली आणि पायरीशी येऊन उभी राहिली. दीपमालाने काच खाली केली.

"जेवली का?" शोभाबाईंनी विचारलं.

"सुधा जेवल्याशिवाय सोडते काय?"

शोभाबाई उठायला लागल्या. पाय आखडले होते, म्हणून त्यांनी आधारासाठी गाडीचं दार धरलं, तेव्हा मूठ उघडली. पुरचुंडी घामाने ओली झाली होती आणि कापडाचा लाल रंग सगळ्या तळहाताला लागला होता. दीपमालाने तो हात आपल्या हातात घेतला.

"आई, दिवसभर हेच धरून बसली होती?"

"तूच म्हणली होती ना," शोभाबाई म्हणाल्या, "भेव लागलं का धरजो म्हणून."