आमच्या बोअरचं पाणी

सरांनी पाण्याचा तांब्या ओठाला लावलाच नाही. आयच्या देखत अंगणात ओतला. मग बॅगेतून विकतची बाटली काढून आम्हा विद्यार्थ्यांना म्हणाले, "हे पाणी तपासायचं असतं, प्यायचं नसतं."

सगळे हसले. आय पदराला हात पुसत उभी.

ते माझं घर होतं. पेणच्या खाडीकडची, मिठागरात राबणाऱ्यांची आळी. पेण ते रोहा पट्ट्यातल्या भूजलाच्या संशोधनात मी सरांच्या हाताखाली शिकत होते. सर शहरातले. घरी मीच नेलं होतं त्यांना. आयने सकाळी अंगण सारवलं होतं, लेकीचे सर येणार म्हणून.

गाडीत बसताना सर म्हणाले, "या लोकांना काही होत नाही. सवय असते."

माझी वहिनी आदल्या पावसाळ्यात काविळीने गेली. पोटुशी होती. तिला सवय झाली नव्हती.

प्रयोगशाळेत आमच्या बोअरच्या पाण्यात मैल्याचे जंतू निघाले. मी म्हटलं, "सर, गावात सांगायला हवं."

"आत्ता नाही. आधी पेपर छापून येऊ दे. आणि तुझ्या लोकांना त्यातलं काय कळणार?"

तुझ्या लोकांना.

"तोवर ते काय पितील?"

त्यांनी मान वर केली नाही. "आजवर पीतच होते ना."

मी तशीच उठले. एसटीने पेणच्या रामवाडी स्टँडला उतरले, रिक्षा करून गाव गाठलं. बोअरवर बायका हंडे घेऊन उभ्या होत्या, आयपण. मी हापसा धरला.

"ह्यं पानी पिऊ नका. गू हाय यात."

"कोन बोलतं गो असं?" काकी ओरडली.

"मी बोलते. मी तपासलंय."

आय माझ्याकडे बघत राहिली. "म्हंजे आपली सून..."

मी तिच्या हातातला हंडा काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या पंचायतीच्या दारात बसलो. टँकर सुरू झाला, येतो कधी, कधी नाय. बोअरशेजारचा तुंबलेला नाला तसाच आहे. सरांनी मला संशोधनातून काढलं. शिस्त मोडली म्हणाले.

मोडली. पुन्हा मोडणार. दुसरे सर शोधीन, नाय मिळाले तर डिग्रीवाचून राहीन. पण यापुढे ज्या दारातलं पाणी तपासायला नेईन, त्याचा निकाल सगळ्यात आधी त्याच दारात सांगेन. आमच्या बोलीत. मोठ्याने.