रॉक खोडून बेंजो

आमची बेंजो पार्टी मोडून बरीच वर्षं झाल्यावर मुंबईहून एक पोरगेलासा दिग्दर्शक मोखाड्याला आला. पिक्चर तो स्वतःच्या पैशाने काढतोय, हे त्याच्या चपलांवरून कळत होतं. गोष्ट तीन जुन्या दोस्तांची होती. त्यांचा रॉक बॅण्ड मोडलेला आणि आता ते पुन्हा जमणार. गिटार धरता येणारे नट परवडेनात, म्हणून त्याने रॉक खोडून बेंजो लिहिलं आणि नटांच्या जागी आम्हालाच घ्यायचं ठरवलं. बाकी गोष्ट तशीच राहते, असं त्याचं म्हणणं.

आमचा कीबोर्डवाला लगेच तयार झाला. तो कशालाही तयार होतो. मी एवढंच विचारलं, ढोलकीवाला येणार का?

ढोलकीवाला जव्हारचा. बापाचं बाजारात गाद्या भरायचं दुकान, पण पोराचा हात कापसात कधी रमला नाही. सूर्यमाळपासून दाभोशापर्यंत आम्ही मिळून किती हळदी वाजवल्या, देव जाणे. मग डीजे आले. एका हळदीला आम्ही पोचलो तर मांडवासमोर डीजेची गाडी उभी, आणि तिच्यावर चढून वायरी जोडत होता आमचाच ढोलकीवाला. आम्ही जीपमधून न उतरताच मागे फिरलो.

तेव्हापासून बोलणं बंद. मोखाड्याच्या बाजारात समोरासमोर आलो की दोघेही वळून मिरच्यांचा भाव विचारायचो, दोन वेगळ्या बायांना. मिरच्या घरी ढीगभर असायच्या. मला त्याचा राग होता, आणि रागापेक्षा त्याची आठवण जास्त यायची. त्याच्या ढोलकीशिवाय माझा बेंजो म्हणजे मिठाशिवायची पेज. मरण्याआधी एकदा त्याच्याबरोबर वाजवायला मिळावं, एवढ्यासाठी मी पिक्चरला हो म्हटलं होतं.

शूटिंग दाभोशाला होतं. तो आला. कीबोर्डवाल्याला भेटला, दिग्दर्शकाला भेटला, कॅमेऱ्यालाही सलाम करून झाला. मी बेंजोच्या तारा आवळत बसलो. त्या आवळलेल्याच होत्या. दिग्दर्शक म्हणाला, गाणं सुरू होईपर्यंत तुम्ही दोघं एकमेकांशी बोलू नका, तुटलेपण दिसलं पाहिजे. जमेल, असं मी सांगितलं.

सुरुवात मिळमिळीत झाली. तो त्याचं वाजवत होता, मी माझं. नाचायला बोलावलेल्या बाया भिडेखातर हलत होत्या. दिग्दर्शकाला ते बघवेना. त्याने हात वर केला आणि ओरडला, "कट!"

आता आमच्या पार्टीत कट म्हणजे चालू ठेका तोडून दुप्पट चालीवर जायचं. शब्द पुरा व्हायच्या आत ढोलकीवाल्याची थाप बदलली आणि माझी बोटं तिच्या मागे धावली. बायांनी पदर खोचले. दिग्दर्शक पुन्हा ओरडला, कट! आम्ही आणखी चढवलं. जितका तो ओरडे तितके आम्ही पळत सुटलो. कीबोर्डवाल्याने तर हात टेकले. शेवटी कोणीतरी जनरेटर बंद केला तेव्हा माझा विजेवरचा बेंजो मुका झाला. ढोलकी तरी काही वेळ चालूच राहिली. माझे डोळे भरून आले होते. धूर लागला, असं मी सांगितलं. धूर कुठेच नव्हता.

दिग्दर्शक आधी चिडला, मग कॅमेऱ्यात बघून खूश झाला. आता फक्त शेवटचा सीन उरला होता. गोष्टीत म्हणे दोस्त वाजवून झाल्यावर कायमचे दुरावतात. तसं केलं की पिक्चर वरच्या दर्जाचा होतो. ढोलकीवाल्याने जव्हारच्या जीपमध्ये बसायचं, मी मोखाड्याकडे चालायला लागायचं, आणि मागे कोणीच बघायचं नाही.

मी चालायला लागलो. जीप निघाली, आंब्याच्या झाडापर्यंत गेली आणि थांबली. ढोलकीवाला उतरून परत आला. दिग्दर्शकाला वाटलं, काही राहिलं असेल.

"सायेब, ह्यो सीन आमचा झालाय," तो शांतपणे म्हणाला. "लई साल केला. आता नाय करायचा."

मग माझ्या खांद्यावरचा बेंजो त्याने काढून घेतला आणि नेऊन जीपमध्ये ठेवला. जीप जव्हारची, माझं घर उलट्या दिशेला. मी मुकाट्याने जाऊन त्याच्या शेजारी बसलो.