काळी पाच

राजारामपुरीत आमच्या गल्लीच्या तोंडाला तिचा फ्लेक्स लागला, तेव्हा मी भाजी घेऊन येत होते. 'कोल्हापूरच्या कन्येचा नागरी सत्कार.' गाडी थांबवून मी तो फोटो नीट न्याहाळला. गळ्याशी एक सुरकुती नव्हती. हे सगळं कॉम्प्युटरवर पुसतात, असं स्वतःला बजावलं, तेव्हा कुठे मला गाडी सुरू करता आली.

मला तिचा हेवा वाटतो. आडपडदा कशाला ठेवायचा? संगीत नाटकांतून ती पुढे आली, मग मालिकांतली खाष्ट सासू झाली, मग सिनेमात गेली आणि तिथंही स्वतःची गाणी स्वतःच गायली. दर वेळी माझ्या पोटात दुखलं. मी इथे गाण्याचा क्लास चालवते. पालक मुलींना घेऊन येतात आणि पायरीवर चपला काढता काढताच विचारतात, "त्या तुमच्या मैत्रीण ना?" मला काय येतं, हे नंतर कधीतरी.

आम्ही दोघी एकाच मास्तरांकडे शिकलो. ती गडमुडशिंगीहून बसने यायची, मी दोन गल्ल्या ओलांडून चालत. मास्तर काळी पाचमध्ये गायला लावायचे. पेटीवरची ही पट्टी एवढी उंच, की भल्याभल्या मुलींचे गळे तिथे चिरकतात. माझा सहज जायचा. तिचाही जायचा, पण ओढूनताणून. हे मास्तर सगळ्यांदेखत म्हणाले होते आणि ते वाक्य मी अजून जपून ठेवलं आहे.

मग मुंबईची एक नाटक मंडळी नायिका शोधत आमच्या क्लासवर आली. आम्ही दोघींनी एकच पद म्हटलं. मी डोळे मिटून म्हटलं, शिकवलं होतं तसं. तिने समोर बसलेल्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं आणि एका शब्दाआधी उगाचच थांबली. त्या थांबण्यावर ती माणसं पाघळली. पद माझं चांगलं झालं होतं. नेलं तिला.

सत्काराच्या आधी आयोजकांचा फोन आला. मॅडम तेच पद गाणार आहेत आणि पेटीला त्यांना तुम्हीच पाहिजे. मी लगेच हो म्हटलं. फोनवर मी जुन्या मैत्रीचं वगैरे बोलले, पण खरं कारण वेगळं होतं. हल्ली मुलाखतीत कुणी गायचा आग्रह केला की ती दोन ओळी गुणगुणते, गोड हसते आणि विषय बदलते. तिचा गळा आता वर जात नाही, हे मी टीव्हीवरूनच ओळखलं होतं. तो फसताना बघायला पेटीइतकी जवळची जागा दुसरी कुठली?

तालमीला ती माझ्या क्लासवर आली. दारातूनच ओरडली, "आलो गं! च्या टाक." मुलाखतीत 'मी आले, मी गेले' म्हणणारी ही बाई कोल्हापुरात पाय ठेवला की आम्हा इथल्या बायकांसारखी 'आलो, गेलो' सुरू करते. याचाही मला राग येतो. हिला दोन्हीकडचं कसं जमतं?

चहा झाल्यावर ती म्हणाली, "पांढरी पाच धर."

म्हणजे पहिल्यापेक्षा बरीच खालची. मी धरली. तिथेसुद्धा अंतऱ्यातला वरचा सूर तिने कसाबसा गाठला. "छान झालं," मी म्हटलं. आतून मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

सत्काराला नाट्यगृह खच्चून भरलं होतं. शाल झाली, श्रीफळ झालं, डोक्यावर फेटा बांधून झाला, भाषणं संपता संपेनात. शेवटी ती उठून माझ्याजवळ आली आणि माईकवर हात धरून हळूच म्हणाली, "काळी पाच दे."

मी तिच्याकडे बघितलं. गावातल्या जुन्या श्रोत्यांना उतरलेली पट्टी कळेल म्हणून हा ताठा, असं मला वाटलं. गाणाऱ्याने अशी न झेपणारी पट्टी मागितली तर पेटीवाल्याने डोळ्यांनी एकदा विचारायचं असतं, झेपेल ना? हेही मास्तरांनीच शिकवलं होतं. मी विचारलं नाही. मागितली ती दिली.

मुखडा तिने निभावून नेला. अंतरा सुरू झाला तशी मी तिच्या गळ्याकडे बघत राहिले. वरचा सूर आला. तिने श्वास घेतला, वाकली आणि माईक माझ्या तोंडापुढे धरला.

विचार करायला वेळच नव्हता. गळा आपणहून वर गेला. सूर लागला, मास्तरांच्या खोलीत लागायचा तसाच स्वच्छ. टाळ्यांनी नाट्यगृह दणाणलं, वन्समोअर आला. मी मान वर करून बघितलं, तर सगळे तिच्याकडे बघून टाळ्या वाजवत होते. फोटोवालेही तिच्याच बाजूला.

खाली उतरले तर एका बाईंनी माझा हात धरला. "नशीब की वो तुमचं! एवढ्या मोठ्या बाईनं तुमास्नी गायला दिलं. मन किती मोठं म्हणायचं!"

"व्हय की," मी म्हटलं आणि तणतणत रंगपटात गेले.

ती आरशासमोर बसून फेट्याच्या टाचण्या काढत होती. मी दार लावून घेतलं. "तुला झेपेना म्हणून माझ्यावर ढकललंस. आणि टाळ्या परत तूच नेल्यास!"

"माझी पट्टी पांढरी पाच हाय," ती आरशातूनच म्हणाली. "तालमीत ऐकलीस की. काळी पाच तुझ्यासाठी मागितली. तालमीला आलो तवा जिन्यात ऐकलं तुला, पोरींना सूर देत हुतीस. म्हटलं, हा गळा गावानं एकदा ऐकू दे. लोकं मलाच बघत बसली, त्याला मी काय करू?"

शेवटची टाचणी ठेवून ती माझ्याकडे वळली.

"पण तुला वाटलं, मी माझ्यासाठी मागतोय." ती थांबली. "आणि तरी दिलीस."

आवाजात राग नव्हता. मग तिने पर्स उचलली आणि जेवायला चल म्हणाली. लाज मला वाटली, नाही असं नाही, पण ती नंतर. त्या शेवटच्या वाक्याआधी ती नेमकी हवी तेवढीच थांबली होती, आणि तिथे उभ्या उभ्या मला सगळ्यात आधी त्या थांबण्याचाच हेवा वाटला.