हरणाबाईच्या विहिरीचं पाणी

म्हसवडच्या पलीकडच्या माळावर हरणाबाईची विहीर. टँकर चुकला की सगळं गाव हंडे घेऊन तिच्याच काठावर उभं. नवरा कुरकुर करायचा, पण हरणाबाईनं कुणाला रिकाम्या हंड्यानं परत धाडलं नाही. भाऊसो तर लहानपणापासून तेच पाणी प्यायलेला. दर भाऊबीजेला ओवाळलेला हा मानलेला भाऊ सरपंच झाला, तेव्हा वस्तीभर मिरवली ती.

पुढं गावात घरोघर नळ आले. हरणाबाईची वस्ती लांब पडली. "आक्का, तुला हिरीचं गोड पाणी हाय की," भाऊसो म्हणाला, आणि भोळ्या बाईला ते पटलंही. नळाबरोबर गावाचं सांडपाणी वाढलं. पंचायतीनं गटार काढून सरळ ओढ्यात सोडली. ओढा विहिरीला खेटूनच वाहत होता.

त्यानंतर भाऊसो वस्तीवर आला की गप्पा मारायचा, पुढ्यातला गूळ खायचा, पण तांब्याला हात लावायचा नाही. "आत्ताच पिऊन आलोय, आक्का." सरपंचकी डोक्यात गेली याच्या, असं म्हणून हरणाबाई मनातल्या मनात खट्टू व्हायची.

श्रावणात तिची सून माया काविळीनं पिवळीधमक पडली. पोटुशी पोर, सातवा महिना. मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कावीळ पाण्यातून आली. हरणाबाई त्यांच्याच अंगावर गेली. "माज्या हिरीला नावं ठिवू नगा! अख्खं गाव जगलंय तिच्यावर!"

माया वाचली. बाळ गेलं.

दुसऱ्या दिवशी भाऊसो भेटायला आला. त्याला राहवेना.

"आक्का, गटार सोडल्यावर पंचायतीनं तुज्या हिरीचं पाणी तपासलं, तवाच खराब निगालं हुतं. गटार वळवूस्तवर गप ऱ्हावं म्हटलं. लय बोभाटा झाला असता."

"म्हंजी तुला ठावं हुतं? म्हून पीत न्हवतास?"

"व्हय."

ज्याला भाऊ म्हणून ओवाळलं, त्यानं स्वतःचा जीव तेवढा सांभाळला होता.

"तू तसाच ठिवलेला तांब्या आमी कवा वतून दिला न्हाई रं," हरणाबाई म्हणाली. "पाणी वाया कोन घालवतंय माळावर? माया प्यायची त्यो. तुज्यादेखत प्यायची."