सहासष्टवरून शंभरवर

नव्वदचं दशक संपत आलेलं, तेव्हा कळव्याच्या आमच्या दोन खोल्यांत मी कॉम्प्युटर आणला. कल्याणच्या एका माणसाने तो सुटे भाग जोडून दिला होता. रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या पट्टीवर वेगाचा शंभर हा आकडा छापलेला, पण सेटिंगच्या निळ्या पडद्यावर पाहिलं तर ती सहासष्टवर चालत होती. मी त्याला फोन लावला. चालतंय ना नीट, मग कशाला हात लावता, असं तो म्हणाला. मला तो कामचुकारपणा वाटला. मी मुळात हट्टी. छापलंय शंभर, तर शंभरच घेणार. मी आकडा बदलला. मशीन खरंच चपळ झालं. दुपारच्या उकाड्यात मध्येच अडकायचं, त्याचं खापर मी विजेवर फोडलं.

जयंतीला आमच्या विहारात दरवर्षी रक्तदान शिबिर असतं. पाच-सहा वर्षांच्या रक्तदात्यांची वही कॉम्प्युटरवर चढवायचं काम मी मागून घेतलं: नाव, रक्तगट, फोन. निम्म्यांचे फोन पी.पी., म्हणजे शेजाऱ्यांचे. नावं मी तीनदा तपासली, यादी छापली आणि वही विहारातल्या पेटीत गेली. मे महिन्यात एकेकाला फोन करून पाहिलं. काही ठिकाणी उत्तर आलं, असं इथे कोणी राहत नाही. आमच्याकडे भाडेकरूंच्या खोल्या बदलतच असतात. खोली सोडली असणार, असं धरून मी ती नावं बिनदिक्कत खोडली.

ऑगस्टमध्ये वहिनी बाळंत झाली आणि रक्तस्राव थांबेना. दुपारी ठाण्याच्या हॉस्पिटलातून दादाचा फोन आला.

"अरे, ओ निगेटिव्ह पायजे, दोन तासांत. कुठे मिळत नाहीये. तुझी ती यादी काढ ना."

त्याचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. यादीत ओ निगेटिव्हची दोनच नावं होती. एकाने पंधरा दिवसांपूर्वीच रक्त दिलेलं. दुसरं मी खोडलेलं. त्या खोडलेल्या ओळीकडे बघत बसलो असताना मला आडनावाच्या मधोमध एक भलतंच अक्षर दिसलं. ते मी टाइप केलेलं नव्हतं. शंभरच्या वेगापायी मशीनच आतल्या आत अक्षरं बदलत असेल, तर आकडेही बदलत असणार. अक्षर बिघडलं तर दिसतं तरी. आकडा बिघडला तरी तो आकडाच दिसतो.

मी विहाराकडे धावत सुटलो. पेटी उघडून वही काढली. माझ्या यादीत त्याच्या नंबरच्या शेवटी दोन होता, वहीत तीन. समोरच्या बूथवरून तो नंबर फिरवला. एका बाईने उचलला, थांबा म्हणाली आणि गॅलरीतून हाका मारू लागली. वहिनीचं काही बरंवाईट झालं तर ते माझ्या हट्टापायी, एवढंच डोक्यात घुमत होतं.

"जय भीम," म्हणत तो रक्तदाता फोनवर आला. मी एका दमात सगळं सांगितलं. "कुठलं हॉस्पिटल?" त्याने विचारलं. नऊ वर्षं तो त्याच खोलीत राहत होता.

वहिनी वाचली. दुसऱ्या दिवशी मी मशीन परत सहासष्टवर आणलं, तसं त्याचं अडकणंही थांबलं. कल्याणच्या माणसाने सांगितलं की शंभरवर ती पट्टी टिकत नाही हे त्याने आधीच पाहिलेलं, म्हणून खाली ठेवली होती. मला एवढं सांगायला तो विसरला, आणि मीही विचारायला थांबलो नव्हतो.

मग मी वही घेऊन एकेक गट ताडायला बसलो. ए, ओ आणि बी पॉझिटिव्हमध्येच सहा नंबर चुकलेले निघाले. बी निगेटिव्हपाशी माझा हात थांबला. जुलैमध्ये मागच्या गल्लीतल्या बाईंना बी निगेटिव्ह हवं होतं. मी माझ्या यादीवरून फोनवर फोन केले, कोणी मिळालं नाही, आणि त्या गेल्या. त्यांचे यजमान अजूनही जयंतीला भेटतात, माझा हात हातात घेतात आणि आजूबाजूच्यांना सांगतात की त्या दिवशी ह्याने आमच्यासाठी फार धडपड केली. मी मान खाली घालून ऐकतो. बी निगेटिव्हचं पान मी अजून ताडून पाहिलेलं नाही.