सासऱ्यांचा पासवर्ड

संगणकाचं कुठलंही दुखणं असो, लोकांकडे औषध एकच: ॲडमिनचा पासवर्ड देऊन टाका. मी रोह्याजवळ वरश्याला राहते, दुरुस्तीला पेणपर्यंत जाते, आणि हे औषध मी कोणाला देत नाही.

पेणला रामवाडीत गणपतीच्या मूर्तींचा एक कारखाना आहे. तिथल्या ऑर्डरी मालकांची सून बघते. तिच्या नवऱ्याने कुठूनतरी गेम उतरवला, व्हायरस घुसला, आणि सासऱ्यांनी चिडून संगणक पासवर्डात बंद केला. सुनेला साधं खातं. तेव्हापासून ऑर्डर सेव्ह करायला गेलं की 'परवानगी नाही'. मग तिने हाक मारायची आणि सासऱ्यांनी उठून पासवर्ड टाकायचा. त्या घरात मूर्तीचे डोळे फक्त तेच आखतात, आणि डोळा अर्धा सोडून उठायचं म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं.

मी गेले तेव्हा ते तिला सुनावत होते, "तुला नाय जमत गो. ऑर्डरी पुतण्या बघेल उद्यापासून."

तिचा चेहरा एवढासा झाला. मला संताप आला. तिची चूक होती कुठे?

"आणि पासवर्ड मी देणार नाय," ते मला म्हणाले.

"देऊच नका," मी म्हटलं. दोघंही माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

ऑर्डरी लिहायचा प्रोग्रॅम त्या स्वतःच्याच फोल्डरमध्ये ठेवत होता आणि तिथे साध्या खात्याला लिहायची मुभा नसते. सासऱ्यांनी एकदाच, स्क्रीनला चिकटून, पासवर्ड टाकला. मी बाहेर नवं फोल्डर केलं, ऑर्डरी तिकडे हलवल्या, प्रोग्रॅमला नवा पत्ता दिला आणि त्या एवढ्याच फोल्डरवर सुनेला लिहायची परवानगी दिली.

तिने सेव्ह केलं. परत 'परवानगी नाही'.

"झाली दुरुस्ती?" सासरे हसले.

मी चपापले, पण क्षणभरच. हलवलेल्या फायली जुनेच नियम सोबत घेऊन आल्या होत्या. नव्या घरात आल्या तरी जुन्या घरचा हट्ट सुटेना! आतल्या सगळ्या फायलींना नवा नियम लावला आणि तिला म्हटलं, आता कर. झालं. सासरे अर्धा राहिलेला डोळा आखायला आत गेले.

मी चहा पीत होते तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. नागोठण्याचं गिऱ्हाईक मूर्तीची उंची बदलायची म्हणत होतं.

"ते सूनबाईला सांगा. मला त्यातलं काय माहीत नाय," म्हणत त्यांनी आतूनच फोन पुढे केला.

तिने तो घेतला. "हां, बोला," ती म्हणाली, कारखाना तिचाच असल्यासारखी.